थ्री-नॉट-थ्रीच्या मागेपुढे

२७ जुलै १८८०. कंदाहारच्या पश्चिमेला, मैवंदच्या उघड्या माळावर ब्रिगेडियर जॉर्ज बरोज यांची जेमतेम अडीच हजारांची फौज अफगाण सरदार अयुबखानाच्या कितीतरी मोठ्या सैन्यासमोर उभी राहिली. फौज बहुतेक मुंबई इलाख्याची होती. बॉम्बे ग्रेनेडिअर्स, जेकब्स रायफल्स, घोडदळ, बॉम्बे सॅपर्सची एक छोटी तुकडी आणि सोबतीला गोऱ्यांची ६६वी पलटण. ऊन रणरणत होते, पाणी नव्हते, आणि अयुबखानाकडे तोफा जास्त होत्या. संध्याकाळपर्यंत बरोज यांची साडेनऊशेहून अधिक माणसे मेली होती. उरलेले कंदाहारच्या वाटेने पळत होते.

या लढाईची वर्णने बरीच आहेत, पण त्यातली एक बाब सहसा ओझरती येऊन जाते. त्या दिवशी रांग एक होती आणि काडतुसे दोन जातींची होती. ६६व्या पलटणीच्या हातात मार्टिनी-हेन्री रायफल, तर शेजारच्या देशी पलटणींच्या हातात तिच्या आधीच्या पिढीची स्नायडर. स्नायडरचे काडतूस मार्टिनीत बसत नाही, मार्टिनीचे स्नायडरमध्ये चालत नाही. एकाच्या कमरेची पिशवी रिकामी झाली तर शेजाऱ्याकडून मूठभर काडतुसे उसनी घेण्याची सोय नव्हती. मैवंदचा पराभव काडतुसांमुळे झाला असे म्हणणे खोटे ठरेल. तो तोफांनी, संख्येने, तहानेने आणि सेनापतीच्या चुकांनी झाला. पण आपल्याच सैन्याला दोन मापांची काडतुसे देऊन लढाईला पाठवणारे सरकार कोणत्या हिशेबाने चालत होते, हा प्रश्न उरतोच. तो हिशेब तेवीस वर्षांपूर्वीच्या एका कागदी नळकांड्यापासून सुरू झाला होता.

१८५३ सालच्या एनफिल्ड रायफलीची नळी आतून ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर रुंद होती. तिच्या आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाकडे असलेली ‘ब्राउन बेस’ ठासणीची बंदूक पाऊण इंच तोंडाची, आतून गुळगुळीत. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे, सैल घरंगळत खाली जाई, आणि उडाल्यावरही तशीच डगमगत बाहेर पडे. शंभर यार्डांपलीकडे नेम धरणे हा नशिबाचा खेळ. एनफिल्डच्या नळीत मात्र पिळाच्या खाचा होत्या. गोळी त्या खाचांत रुतली तरच तिला फिरकी मिळणार, आणि फिरकी मिळाली तरच ती सरळ जाणार. पण घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासायची कशी? त्यावर उपाय असा निघाला की गोळी लांबट, मऊ शिशाची आणि नळीपेक्षा किंचित बारीक करायची. बार उडाला की मागच्या दाबाने ती फुगते आणि खाचा भरून काढते. ही गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची होती, आणि तिच्या मागे साडेचार ग्रॅमच्या आसपास काळी दारू.

गोळी आणि दारू एका कागदी नळकांड्यात बांधलेली असे. शिपायाने दारूच्या बाजूचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, नळकांडे उलटे करून गोळीचे टोक आत सरकवायचे आणि गजाने ठासायचे. काळी दारू जळाल्यावर नळीत राखेचा कडक थर धरते. त्यामुळे पुढची गोळी अडू नये म्हणून गोळीकडच्या कागदाला वंगण लावलेले असे. ते कशाचे, हाच सगळा प्रश्न होता. इंग्लंडातल्या वूलिचच्या शस्त्रागाराच्या पाककृतीत मेण आणि चरबी होती. चरबी कोणत्या जनावराची, याची पंचाईत करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

आता तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर फाडायचे टोक दारूचे होते आणि वंगण दुसऱ्या टोकाला होते. पण हा युक्तिवाद कोणा अधिकाऱ्याने पलटणीसमोर मांडला असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. चरबी दाताला लागली की बोटाला, हा भेद ज्याचा धर्म जाणार होता त्याच्या दृष्टीने क्षुल्लक होता. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे बातमी फुटली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. २४ एप्रिलला मेरठच्या कवायतीत तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतूस घ्यायला नकार दिला, आणि त्यांना ९ मे रोजी सर्वांसमोर बेड्या ठोकल्या. गंमत म्हणा की दुर्दैव, मेरठला पुढे केलेली ती काडतुसे नव्या रायफलीची नव्हतीच, जुन्या पद्धतीचीच होती. तोपर्यंत कोणते काडतूस कोणते, याला अर्थ उरला नव्हता. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांना वाटेत शिपायांकडून काडतुसांचीच हकीकत ऐकू आली. ‘माझा प्रवास’मुळे ती मराठी वाचकाच्या घरात पोचली. मुंबईची फौज बरीचशी शांत राहिली, पण जुलैअखेर कोल्हापुरात २७व्या पलटणीने बंड केलेच.

बंड मोडल्यावर सरकारने धडा घेतला, तो धर्माबद्दल कमी आणि मापाबद्दल जास्त. देशी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायाइतकी चांगली बंदूक पुन्हा द्यायची नाही, असे ठरले. तोफखाना तर जवळजवळ पूर्ण गोऱ्यांच्या ताब्यात गेला. पायदळासाठी त्याच एनफिल्डची नळी आतून पोखरून ०.६५६ इंचाची, गुळगुळीत केली, आणि अशा मुद्दाम बिघडवलेल्या बंदुका देशी पलटणींना वाटल्या. एका पिढीचे शास्त्र राबून तयार झालेल्या पिळाच्या खाचा कानस लावून उडवायच्या, हा प्रकार शस्त्रांच्या इतिहासात फार वेळा सापडणार नाही. पुढे जग बदलले तेव्हा नियम एवढाच राहिला की गोरा एक पायरी पुढे आणि देशी एक पायरी मागे. गोऱ्याला मार्टिनी मिळाली की त्याची स्नायडर देशी शिपायाकडे. गोऱ्याला थ्री-नॉट-थ्री मिळाली की मार्टिनी देशी शिपायाकडे. मैवंदची दोन काडतुसे म्हणजे या नियमाचे प्रात्यक्षिक.

स्नायडर स्वतः एक जुगाड होते. १८६६च्या उन्हाळ्यात प्रशियाने मागून भरायच्या बंदुकांनी ऑस्ट्रियाला लोळवले आणि युरोपातल्या सगळ्या ठासणीच्या बंदुका एका महिन्यात जुन्या झाल्या. ब्रिटनकडे लाखो एनफिल्ड पडून होत्या. जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकनाने सुचवलेला उपाय स्वस्तातला होता: नळीचा मागचा तुकडा कापायचा आणि तिथे बाजूला उघडणारी झडप बसवायची. (बिचारा स्नायडर मोबदल्यासाठी सरकारशी भांडता भांडता त्याच वर्षी वारला.) पण खरी क्रांती झडपेत नव्हती. ती वूलिचच्या प्रयोगशाळेच्या कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी तयार केलेल्या पुंगळीत होती.

मागून भरायच्या बंदुकीची जुनी खोड अशी की बार उडाल्यावर तापलेला वायू सांध्यातून मागे येतो आणि नेम धरणाऱ्याचा चेहरा भाजतो. बॉक्सरच्या काडतुसात पातळ पितळेचा पत्रा गुंडाळून केलेली पुंगळी होती, बुडाला लोखंडी चकती, चकतीत मधोमध ठिणगीची टोपी. बार उडाला की पितळ क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि सगळ्या फटी बुजवते. दाब उतरला की किंचित आकसते आणि पुंगळी ओढून बाहेर काढता येते. बंदूक बनवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा सांधा पुंगळीने बुजवला, आणि तोही प्रत्येक गोळीबरोबर नवा. दारू, गोळी, ठिणगी आणि सांधा अशा चारही गोष्टी आता एका वस्तूत आल्या. इथून पुढे बंदूक म्हणजे काडतुसाभोवती बांधलेले यंत्र झाले, आणि मला वाटते पुढच्या दीडशे वर्षांची सगळी भांडणे या एका बदलातून निघाली. कागदाचे काडतूस शिपाई स्वतःही वळू शकत होता. पितळेच्या पुंगळीला कारखाना लागतो, साचे लागतात, आणि एकदा साचे बसले की माप बदलायचे म्हणजे कारखाना बदलायचा.

तो कारखाना आपल्याकडेही आला. जिथे १८१७मध्ये पेशव्यांची फौज इंग्रजांशी भिडली होती त्याच खडकीत १८६९मध्ये अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी उभी राहिली. बोरघाटातून रेल्वे सहा वर्षांपूर्वीच सुरू झाली होती आणि बंदर जवळ होते, छावणीही होतीच. पुण्याच्या पांढरपेशा इतिहासात या कारखान्याला फारशी जागा नाही. फर्ग्युसन कॉलेजचे आणि ‘केसरी’चे पुणे आपल्याला पाठ असते, त्याच काळात मुळेकाठी काडतुसे भरणारे पुणे कोणी लिहीत नाही.

मार्टिनी-हेन्रीचे काडतूस बॉक्सरच्याच वंशातले, पण त्याच्या नावातच दोन आकडे आहेत: ५७७/४५०. म्हणजे बुडाशी पुंगळी जुन्या ०.५७७च्या जाडीची, आणि गळ्याशी आवळून ०.४५० इंचाच्या गोळीपुरती केलेली. गोळी बारीक केली की ती हवा चांगली कापते, पण दारू तेवढीच लागते. सरळ नळकांड्यात ती बसवायची तर काडतूस वीतभर लांब होईल. म्हणून पुंगळीला खांदे आणि गळा आले. पुढची जवळजवळ सगळी रायफलीची काडतुसे याच बांध्याची आहेत. स्नायडर आणि मार्टिनी या दोघांची गोळी सुमारे ३१ ग्रॅमचीच, पण मार्टिनीची गोळी अधिक वेगाने आणि अधिक सपाट मार्गाने जाई. तिचे दुखणे पुंगळीत होते. गुंडाळलेल्या पत्र्याची ती नाजूक पुंगळी तापलेल्या नळीत अडकून फाटे. १७ जानेवारी १८८५ला सुदानमध्ये अबू क्लेआच्या लढाईत ऐन गर्दीत रायफली अडल्या तेव्हा लंडनमध्ये ओरड झाली आणि एकसंध ओढलेल्या पितळेच्या पुंगळ्यांना जोर आला.

तोवर फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने १८८४मध्ये धूर न करणारी दारू शोधली होती. काळ्या दारूचे धुराचे ढग ज्यांनी चित्रांत पाहिले आहेत त्यांना हा बदल किती मोठा होता हे सांगायला नको. पहिल्या फैरीनंतर शत्रू दिसतच नसे. नवी दारू तीच जागा व्यापून कितीतरी अधिक जोर देई. फ्रेंचांनी १८८६ला तिच्यासाठी ८ मिलिमीटरची लेबेल रायफल काढली. आणि इथे शाळेतले गणित उपयोगी पडते: गोळीची ताकद तिच्या वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवता येत असेल तर शिशाचा गोळा वाहून नेण्यात अर्थ नाही. वेगवान गोळीचे नुसते शिसे नळीत वितळून पुसले जाते, म्हणून त्यावर तांब्याच्या जातीच्या धातूचे कवच आले. ती करामत स्वित्झर्लंडच्या एडुआर्ट रुबिनची.

ब्रिटनने १८८८मध्ये आपले माप ठरवले. नळी ०.३०३ इंच, गोळी २१५ ग्रेन, म्हणजे १४ ग्रॅम. एनफिल्डच्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी. पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, बुडाला बाहेर आलेली कड. मजा अशी की धूररहित दारू तयार नसल्याने सुरुवातीला त्यात काळी दारूच दाबून भरली होती. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांचे कॉर्डाइट दोन-तीन वर्षांनी आले. आणखी एक गोष्ट गोंधळ घालते. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ०.३०३ इंचाची नसतेच. ती ०.३११च्या आसपास असते, कारण तिला खाचांत रुतायचे असते, ०.३०३ हे खाचांमधल्या उंचवट्यांपासून मोजलेले अंतर. बंदुकीची मापे अशीच बेशिस्त आहेत. अमेरिकेच्या .३०-०६ मधला ०६ हा १९०६ सालचा. पोलिसी रिव्हॉल्व्हरचे .३८ प्रत्यक्षात .३५७. शेतकऱ्याच्या घरी परवान्याने असलेली बारा बोअरची बंदूक तर इंचांत बोलतच नाही: एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी जाड, तेवढी तिची नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते, आणि नवख्याची पहिली फजिती इथेच होते.

नव्या बारीक गोळीवर पहिला आक्षेप आला वायव्य सरहद्दीवरून. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेनंतर अधिकारी कुरकुरू लागले की कवचबंद गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो धावतच राहतो. डमडमच्या कारखान्याचे कॅप्टन बर्टी-क्ले यांनी उपाय काढला. टोकावरचे कवच थोडे उघडे ठेवायचे. शिसे लागताक्षणी पसरते आणि जखम कल्पनेपलीकडे रुंद होते. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ही गोळी वापरली गेली. १८९९मध्ये हेग येथे राष्ट्रांच्या परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिची बाजू मांडली. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही, असा त्यांचा रोख होता. ठराव मंजूर झाला. ब्रिटनने तो १९०७मध्ये मान्य केला. कलकत्त्याच्या एका उपनगराचे नाव असे जगभरच्या युद्धकायद्याच्या चर्चेत कायमचे चिकटले.

कायदा मानला आणि वाटही काढली. १९१०मध्ये मार्क ७ ही अणकुचीदार गोळी आली: ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. कवच पूर्ण बंद, हेगच्या अक्षराला धक्का नाही. पण टोकाच्या आत शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियम किंवा दाबलेला लगदा भरलेला. वजन मागे गेल्याने ही गोळी शरीरात शिरताच कोलांटी घेई. पहिले महायुद्ध, दुसरे महायुद्ध आणि मधले सगळे ब्रिटिश साम्राज्याने थ्री-नॉट-थ्रीच्याच काडतुसांनी लढले.

मधले सगळे, यात १३ एप्रिल १९१९ही येते. जालियनवाला बागेत ५० रायफलींनी दहा मिनिटांच्या आसपास गोळीबार केला. त्या गोळीबाराचा जो आकडा नंतर कोणीच नाकारला नाही, तो मृतांचा नव्हे, काडतुसांचा आहे: १,६५०. मृतांचा सरकारी आकडा ३७९ आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे. काडतुसांची मोजदाद मात्र पक्की, कारण प्रत्येक काडतूस वहीत लिहूनच शिपायाच्या हाती जाते. नंतरच्या चौकशीत, हंटर समितीपुढे, मुंबईचे वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरला जे प्रश्न विचारले, त्यातून त्याने आपला हिशेब स्वतःच्या तोंडाने सांगितला.

१८८८चे हे काडतूस इतके टिकावे अशी कोणाची इच्छा नव्हती. खुद्द ब्रिटिश लष्कराने १९१३मध्ये ०.२७६ इंचाचे, बिनकडेचे, अधिक जोरदार काडतूस आणि त्यासाठीची रायफलही तयार ठेवली होती. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. लढाईच्या मध्यात माप बदलणे म्हणजे आत्महत्या, म्हणून ते काडतूस बासनात गेले. अमेरिकेतही तेच झाले. १९२८मध्ये तिथल्या समितीने बेशुद्ध केलेल्या डुकरांवर वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडून पाहिल्या, आणि रचनाकार पेडरसनच्या ०.२७६ इंची काडतुसाने मोठ्या गोळीच्या तोडीचे काम केले. १९३२मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते फेटाळले. गोदामात .३०-०६चा प्रचंड साठा होता आणि मंदीत नवे काही घ्यायला पैसा नव्हता. मला या सगळ्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा दिसते. कोणते काडतूस चांगले, हे गोळीबाराच्या मैदानावर ठरते. कोणते काडतूस मिळणार, हे गोदामाचा कारकून आणि अर्थखाते ठरवतात.

जर्मनांनी ही कोंडी दुसऱ्या महायुद्धात फोडली. त्यांची ७.९२ मिलिमीटरची रायफलगोळी हजार मीटरपलीकडे जाई, पण सैनिक प्रत्यक्षात तीनशे मीटरच्या आतच गोळ्या झाडत होते. मग त्यांनी पुंगळी ५७ मिलिमीटरवरून ३३वर कापली. गोळीचा व्यास तोच, जोर कमी, धक्का कमी. त्यामुळे चाप दाबून धरून गोळ्यांचा फवारा मारता येऊ लागला. रशियनांनी त्याच कल्पनेवर ७.६२×३९ काढले आणि त्यातून पुढे कलाश्निकोव्ह जन्मली. (यातला पहिला आकडा नळीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा. ही पद्धत निदान प्रामाणिक आहे.) ब्रिटिशांनीही १९५१मध्ये ०.२८० इंचाचे मध्यम काडतूस स्वीकारल्याचे जाहीर केले. अमेरिकेला ते नको होते. तिला आपल्या .३०-०६चीच थोडी आखूड आवृत्ती हवी होती. चर्चिल पुन्हा सत्तेवर आले आणि अटलांटिक मैत्रीसाठी त्यांनी ते काडतूस सोडून दिले. ७.६२×५१ हे नाटोचे माप ठरले. गंमत म्हणजे अमेरिकेच्याच लष्करासाठी १९५२मध्ये नॉर्मन हिचमन यांनी अहवाल दिला होता की बहुतेक लक्ष्यभेद तीनशे यार्डांच्या आतच होतो. अहवाल कपाटात राहिला.

भारताला हा सगळा वाद १९६२च्या चीन युद्धात भेटला. लडाख आणि नेफामध्ये आपला जवान बोल्ट ओढून एकेक गोळी झाडणाऱ्या थ्री-नॉट-थ्रीने लढला आणि समोरचा चिनी सैनिक ७.६२×३९च्या अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित बंदुकांनी. इथेही पराभवाचे खापर काडतुसावर फोडणे सोपे आहे आणि चूक आहे. कपडे, रस्ते, नेतृत्व, सगळेच कमी पडले होते. पण रायफल बदलली पाहिजे हे आता कोणाला पटवावे लागले नाही. इशापूरच्या रायफल कारखान्याने बेल्जियन एफएएलच्या धर्तीवर ७.६२×५१ची एसएलआर बनवली. मधल्या काळासाठी जुन्या ली-एनफिल्डच्याच बांध्याची, पण ७.६२ झाडणारी २ए१ ही रायफलही बनवली. तिला पाहून अनेक जण आजही थ्री-नॉट-थ्रीच समजतात. नव्या मापासाठी नवे कारखाने लागले. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव, विदर्भात भंडारा ही नावे त्याच दशकातली: एक काडतुसांचा, दुसरा दारूचा. खानदेशातल्या कित्येक घरांचा पगार तेव्हापासून या पुंगळीवर चालला.

अमेरिकेला आपली चूक व्हिएतनाममध्ये कळली. जंगलात ७.६२×५१ची जड रायफल कलाश्निकोव्हपुढे अवघड ठरली, आणि मग लंबक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. ५.५६×४५, साडेतीन ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला हजार मीटरच्या जवळ. काडतुसाचे एकूण वजन बारा ग्रॅम, म्हणजे ७.६२×५१च्या निम्मे. सैनिक तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे नेणार. पण सैन्याने दारूची जात बदलली आणि १९६६-६७मध्ये नव्या एम-१६ रायफली घाण धरून लढाईत अडकू लागल्या. पोरे मेली आणि अमेरिकी संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. दोष बंदुकीला दिला गेला, तरी मूळ काडतुसातच होते. तरीही १९८०मध्ये नाटोने ५.५६च दुसरे माप म्हणून घेतले, चार ग्रॅमच्या बेल्जियन गोळीसह.

पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने आखलेली इन्सास रायफल याच मापाची. लढाई होईल ती जवळच्या अंतरावर आणि काडतुसे हलकी हवीत, हे त्यामागचे जगमान्य गणित. १९९९ला कारगिलच्या कड्यांवर ती वापरली गेली तेव्हा थंडीत मॅगझीन तडकण्याच्या तक्रारी आल्या. पण त्याहून जास्त काळ चाललेली तक्रार गोळीबद्दल होती. काश्मीरमध्ये लढणारे अधिकारी सांगत राहिले की ५.५६ लागूनही दहशतवादी चालत राहतो. शंभर वर्षांपूर्वी सरहद्दीवरून आलेली कुरकुर जवळजवळ तीच, फक्त या वेळी बारीक गोळीचा आकडा वेगळा.

इकडे पोलिसांना रांगेत शेवटी उभे राहावे लागले. जुने शस्त्र खालच्या पायरीवर ढकलण्याची इंग्रजी सवय स्वतंत्र भारतात लष्कर आणि पोलीस यांच्यात जिवंत राहिली, हेतू अविश्वासाचा नसून काटकसरीचा असला तरी. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये कलाश्निकोव्हच्या फवाऱ्यासमोर आपल्या शिपायांकडे लाठ्या होत्या आणि थ्री-नॉट-थ्री होत्या. एका गोळीचा जोर पाहिला तर थ्री-नॉट-थ्री कलाश्निकोव्हच्या दीडपट भरते. पण दर गोळीला बोल्ट मागे-पुढे करणाऱ्याला हा जोर काय कामाचा? उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर ही रायफल २६ जानेवारी २०२०च्या संचलनात अधिकृतपणे निरोप देईपर्यंत वापरली. १८८८च्या मापाला १३२ वर्षे झाली होती.

लष्कर दरम्यान उलट दिशेने वळले आहे. २०१९मध्ये सरहद्दीवरच्या पायदळासाठी ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या. माप ७.६२×५१, एसएलआरचेच. सोबत अमेठीजवळ कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवायचे ठरले. त्यांचे माप ७.६२×३९, म्हणजे १९६२मध्ये समोरून आले होते ते. इन्सासही अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणजे भारतीय पायदळाला आज रायफलीची तीन काडतुसे पुरवावी लागतात, आणि वरणगावला ५.५६ही हवे आणि ७.६२ही. अमेरिकेने तर २०२२मध्ये ६.८×५१ हे आणखी एक नवे माप निवडले आहे. खडकी आणि वरणगाव आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या छत्राखाली आहेत आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. नाटोची बाकीची राष्ट्रे अमेरिकेच्या मागे जातील का, आणि गेली तर आपण कोणती पुंगळी ओढायची, हा प्रश्न तिथल्या टेबलावर केव्हा ना केव्हा येईलच. साचे बदलायला लागणारी वर्षे धरली तर तो आलाही असेल.